हिशेब सुटलेली शिस्त



'ख्रिस्ती श्रद्धा आणि शीलसंवर्धन' हा विषय उपदेशाला फार सोयीचा आहे. दहा आज्ञा सांगाव्यात, डोंगरावरचं प्रवचन सांगावं, तरुण पिढी कशी बिघडली यावर चार शब्द बोलावेत आणि हार घेऊन घरी जावं. ते टाळून मी एकाच व्यक्तीबद्दल बोलणार आहे, पंडिता रमाबाईंबद्दल. आणि आमच्या मंडळींना कदाचित न रुचणारी गोष्ट आधीच सांगून टाकतो: रमाबाईंना शिस्त ख्रिस्ती धर्मानं शिकवली नाही. ती त्यांच्या घरचीच होती.

१८५८ साली गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आई लक्ष्मीबाई भल्या पहाटे झोपेतून उठवून, कुशीत घेऊन या पोरीला संस्कृतचे पाठ देत असे. पुढे भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराणं सांगत पायी हिंडत राहिलं. उपासतापास, अनुष्ठानं, दानधर्म यांत कसूर नाही. मग दुष्काळ आला. होतं नव्हतं ते देवाच्या दारी खर्च झालेलं. आई, वडील आणि मोठी बहीण थोड्या काळात पाठोपाठ गेली. मागे उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास देशभर चालत राहिले. एवढी व्रतं केली, ती कुठे जमा झाली, असा प्रश्न त्या मुलीला पडला नसता तरच नवल.

त्या तपश्चर्येची मी टवाळी करत नाही. असं बाळपण नसतं तर केडगावचा त्यांचा 'मुक्ती' आश्रम उभा राहिला नसता. पण त्या तपात एक हिशेब होता: इतकं केलं की इतकं मिळेल. हिशेब चुकला की माणूस एकतर देवावर चिडतो, नाहीतर स्वतःला पापी ठरवून आणखी एक उपास धरतो. हे फक्त हिंदू घरांतच होतं असं समजू नका. आमच्याकडेही लेंटचा उपासकाळ संपला की कोणी किती दिवस मटण सोडलं होतं याच्या गप्पा चालतात.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे वैद्यकीचं शिक्षण राहून गेलं. वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे त्या राहत होत्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलहमला त्या भगिनींचं एक आश्रमगृह होतं. समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाईंनी पाहिलं की एके काळी तिथे आश्रयाला आलेल्या बायका आता आजाऱ्यांची सेवा करताहेत. असं कशानं होतं, हे त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्या बाईला येशू आधी सुधारून ये म्हणत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलतो. सुधारणा होते ती नंतर.

माझ्या मते रमाबाईंच्या शीलाची किल्ली इथे आहे. आधी कृपा, मागाहून शिस्त. तेही एका झटक्यात उमगलं नाही. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, विल्यम हॅस्लम या पाद्र्याचं आत्मकथन वाचताना, आपण धर्म स्वीकारला पण ख्रिस्त अजून गवसलेला नाही, असं त्यांना जाणवलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आता केडगाव. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या. १९००पर्यंत 'मुक्ती'त दीड हजार माणसं आणि शंभरावर गुरं होती. भुकेनं सैरभैर झालेली पोर ताटावर बसली की काय करते, हे डोळ्यांपुढे आणा. तिला नीतिपाठ ऐकवून काय होणार? तिला आधी हे कळावं लागतं की उद्याही जेवण मिळणार आहे. मग तिच्या हाती काम येतं: हातमाग, शेत, गोठा, तेलाचा घाणा, छापखाना. प्रार्थना रोज, कामही रोज. अंध मुलींसाठी रमाबाईंची मुलगी मनोरमा हिनं ब्रेल आणलं. फुलहमची आठवण धरून 'कृपासदन' निघालं. १९०५ सालच्या धार्मिक जागृतीत मुक्तीतल्या मुली रडल्या, पापं कबूल केली, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्या रडण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या गोठ्यातल्या शेणात जास्त रस आहे.

याला दुसरी बाजूही आहे. रमाबाईंच्या शाळेतल्या, म्हणजे शारदा सदनातल्या, मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. खोलीचं दार मी उघडं ठेवते, कुणाला बोलावत नाही, ही रमाबाईंची बाजू. पण सर्वस्व देणाऱ्या बाईचं दार उघडं असणं हीच लहान मुलीसाठी केवढी ओढ असते! रानड्यांची अस्वस्थता मला समजते.

आणि ज्या श्रद्धेनं त्यांना वाकायला शिकवलं, तिनंच मान ताठ ठेवायलाही शिकवलं. वाँटेजच्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाताच म्हणा ना. रमाबाईंचा शाकाहार त्यांना जातीचा अहंकार वाटे, आणि बिशपांचं म्हणणं न ऐकणं हा उद्धटपणा. जेराल्डिनच्या लेखी आज्ञापालन म्हणजेच नम्रता. रमाबाईंनी उलट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, दुसरं मानेवर घेणार नाही. इकडे मात्र स्वतःवर त्यांनी काय लादून घेतलं पाहा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला घेतलं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या बायका मुक्तीतल्याच. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या आणि पुस्तक १९२४ साली बाहेर पडलं.

जेराल्डिनबाईंबद्दल एक सांगायचं राहिलं. रमाबाईंची पत्रं त्यांनीच जपली आणि नीट लावून ठेवली, स्वतःवर ताशेरे असलेलीसुद्धा. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली ती छापली, म्हणून तर आज आपण हे भांडण वाचू शकतो. ती पत्रं जाळून टाकणं त्यांना सहज शक्य होतं.