‘म्वालिमु’ न्येरेरे : राज्य चालविणारा एक शिक्षक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभागृहात बोललेले छापायला देताना थोडे सावरून घेतले आहे. तेव्हा वाचकहो, आता तुम्हीच माझे श्रोते आहात असे समजून लिहितो.

नववीच्या वर्गात आफ्रिका खंडाचा स्वातंत्र्यलढा शिकवीत होतो. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे हे पेशाने शिक्षक होते, असे मी अंमळ अभिमानानेच सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, शिक्षक होते तर मग शाळा का सोडली?” मुले हसली. मीही हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्या प्रश्नापायीच या माणसाविषयी मिळेल ते वाचीत गेलो. त्यातले काही आज आपल्यासमोर मांडतो.

टांझानियात या माणसाला ‘म्वालिमु’ म्हणत आणि आजही म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्यापैकी पुष्कळांचे कान टवकारतील. मदरशातला ‘मुअल्लिम’ तो हाच. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरबांचे आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांचे शेकडो वर्षे येणे-जाणे होते. तिथल्या स्वाहिली भाषेत किताबु, कलामु, हेसाबु, हबारी, वकाती, दुनिया असे शब्द सर्रास आढळतात. विद्येला ते ‘एलिमु’ म्हणतात. म्हणजे आपला इल्म. शहराचे नाव दार-एस्-सलाम, म्हणजे शांततेचे घर. न्येरेरे स्वतः मात्र या किनाऱ्यावरचे नव्हते आणि मुसलमानही नव्हते. व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या बुतियामा गावी १३ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील झनाकी या लहानशा जमातीचे मुखिया. त्यांना बावीस बायका होत्या आणि न्येरेरेंची आई त्यांतली पाचवी. वयाच्या बाराव्या वर्षी मुलगा प्रथम शाळेत गेला, तोही घर सोडून मुसोमाच्या वसतिशाळेत. पुढे ताबोराची सरकारी शाळा, युगांडातील माकेरेरे येथे शिक्षकी पदविका, काही वर्षे अध्यापन, आणि १९४९ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठ. १९४३ मध्ये त्यांनी कॅथॉलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला होता. १९५२ मध्ये एम.ए. होऊन परतल्यावर दार-एस्-सलामजवळील पुगू येथे एका मिशन शाळेत ते शिकवू लागले.

आता त्या मुलाचा प्रश्न. पहिल्या महायुद्धापर्यंत तांगान्यिका जर्मनांच्या ताब्यात होता. नंतर तो ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाचा विश्वस्त प्रदेश ठरला. दार-एस्-सलाममध्ये आफ्रिकनांची एक संघटना होती. अब्दुलवाहिद साईक्स आदी शहरी मुस्लिम तरुणांनी तिच्यात जीव ओतला होता. १९५३ मध्ये या पुगूच्या मास्तरांना तिचे अध्यक्ष निवडण्यात आले. ७ जुलै १९५४ रोजी तिचेच रूपांतर ‘टानू’ या राजकीय पक्षात झाले. १९५५ मध्ये न्येरेरे आपल्या देशाची बाजू मांडण्यासाठी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन आले. परत आल्यावर शाळेच्या चालकांनी विचारले : नोकरी की राजकारण? त्यांनी राजीनामा दिला. घरी बायको, लहान मूल आणि हाती नियमित मिळकत नाही. आपण शिक्षक झालो ते निवडीने, राजकारणी झालो ते अपघाताने, असे ते पुढे सांगत.

या लढ्यातील एका स्त्रीचे नाव मी मुद्दाम घेतो, कारण सभागृहात आपल्या कन्याशाळेच्या मुली बसल्या होत्या. बीबी टिटी मोहम्मद. दार-एस्-सलामच्या मुसलमान घरातली ही बाई, शिक्षण जेमतेम चार इयत्ता. गाण्याच्या मंडळात गाणारी म्हणून शहरात तिचे नाव होते. टानूच्या महिला शाखेची ती प्रमुख झाली आणि घरोघर हिंडून तिने हजारो स्त्रियांना पक्षात आणले. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी नोकरी जाईल म्हणून सभेला यायला कचरत होता, त्या वेळी बुरख्यातल्या या बायका सभासदत्वाची वर्गणी भरीत होत्या.

९ डिसेंबर १९६१ रोजी तांगान्यिका स्वतंत्र झाला. पंतप्रधान झालेल्या न्येरेरेंनी अवघ्या सहा आठवड्यांत ते पद रशीदी कवावांकडे सोपवले आणि पक्षबांधणीसाठी खेड्यापाड्यांत निघून गेले. वर्षाअखेर प्रजासत्ताक झाले तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९६४ च्या एप्रिलमध्ये झांझिबारशी संयोग होऊन टांझानिया जन्मला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात शंभरातली पंच्याऐंशी प्रौढ माणसे निरक्षर होती, इंजिनियर दोन आणि डॉक्टर बारा होते, असा हिशेब न्येरेरे स्वतः देत.

या हिशेबात एक आतला हिशेब होता. तो आपल्यासारख्या संस्थेने तरी नजरेआड करू नये. जुन्या राजवटीत चांगल्या शाळा बहुतांशी मिशनऱ्यांच्या होत्या. किनाऱ्यावरील मुस्लिम पालकांना वाटे, तिथे मूल घातले तर ते आपले राहणार नाही. मूल कुराणशाळेत जाई, अक्षरओळख होई. पण पुढच्या परीक्षांचा रस्ता तिथून निघत नव्हता. परिणाम असा झाला की, स्वातंत्र्यासाठी ज्या समाजाने आघाडीवर राहून घाम गाळला, त्याची मुले स्वतंत्र देशाच्या कचेऱ्यांत फारशी दिसेनात. १९५८ मध्ये शेख सुलेमान ताकादिर या टानूच्याच वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने ही भीती बोलून दाखविली, तेव्हा त्यांना पक्षातून काढण्यात आले. धर्माच्या नावाने पक्ष फुटू नये ही न्येरेरेंची चिंता मी समजू शकतो. पण भीती बोलणाऱ्याला बाहेर काढले म्हणून भीतीचे कारण नाहीसे होत नाही, हेही तितकेच खरे.

न्येरेरेंनी या दुखण्यावर उपाय केला तो शाळेच्याच मार्गाने. १९६९ च्या शिक्षण कायद्यानंतर मिशनच्या शाळा सरकारने आपल्याकडे घेतल्या आणि प्रवेशाला धर्म आडवा येणार नाही असे ठरविले. स्वतः निष्ठावान कॅथॉलिक असलेल्या माणसाने हे केले. मुस्लिम मुलांना या दरवाजांतून आत जाता आले. पण याच सुमारास, १९६८ च्या अखेरीस, मुस्लिम समाजाच्या शाळा आणि मशिदी बांधणाऱ्या ‘ईस्ट आफ्रिकन मुस्लिम वेल्फेअर सोसायटी’वर सरकारने बंदी घातली, आणि सरकारच्या मर्जीतली ‘बाक्वाटा’ ही नवी संस्था पुढे आली. एका हाताने दार उघडले, दुसऱ्या हाताने समाजाची स्वतःची शाळा काढण्याची उमेद खुडली. ही सल तिथल्या मुसलमानांच्या मनातून अजून गेलेली नाही. वर्गणी गोळा करून, उन्हातान्हात फिरून ज्यांनी आपली ही संस्था उभी केली, त्या मंडळींना ती सल काय असते हे मी सांगायला नको.

आता मास्तरांच्या शिक्षणविचाराकडे येऊ. ५ फेब्रुवारी १९६७ रोजी अरुशा येथील जाहीरनाम्याने देशाने समाजवादाची वाट धरली. बँका आणि मोठे उद्योग सरकारी झाले. पुढाऱ्यांनी भाड्याची घरे, कंपन्यांचे भाग किंवा दोन पगार ठेवू नयेत असे बंधन आले. पुढच्याच महिन्यात ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ ही पुस्तिका निघाली. मला विचाराल तर न्येरेरेंच्या सगळ्या लिखाणात ही सरस आहे. त्यांचे म्हणणे असे : प्राथमिक शाळा संपविणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे तेरा माध्यमिक शाळेत जातात, आणि आपण मात्र सगळा अभ्यासक्रम त्या तेरांसाठी आखतो. उरलेली सत्त्याऐंशी नापास म्हणून घरी जातात आणि मातीत हात घालायची त्यांना लाज वाटते. तेव्हा प्राथमिक शिक्षण हे स्वतः पुरे असले पाहिजे. शाळेला शेत असावे, मुलांनी ते कसावे, त्याचा हिशेब मुलांनीच ठेवावा. गांधीजींच्या नई तालीमची आठवण इथे कोणालाही होईल.

प्रत्यक्षात काय झाले हे शिक्षकांना सहज कळेल. पुष्कळ ठिकाणी हिशेब राहिला, विचार राहिला आणि मुलांच्या हाती नुसती कुदळ आली. पालक कुरकुरले, शेती घरी शिकवता येते, शाळेत कशाला पाठवायचे? आणि परीक्षा होती तिथेच राहिली. आमच्या धंद्यातली मेख ही आहे. परीक्षा बदलल्याशिवाय शाळा बदलत नाही.

तरी साक्षरतेचे काम डोळ्यांत भरण्यासारखे झाले. रात्रीचे वर्ग निघाले, रेडिओवरून धडे झाले. १९७३ च्या आरोग्यमोहिमेत तर रेडिओभोवती जमून शिकणाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली. १९७४ मध्ये प्रत्येक मुलाला लवकरात लवकर प्राथमिक शाळेत आणण्याचे ठरले. शिक्षक नव्हते, म्हणून सातवी झालेल्या तरुणांना गावातच शिकवून शिक्षक केले. दर्जा घसरला अशी ओरड झाली आणि ती खोटी नव्हती. पण ज्या वस्तीत शाळाच नव्हती तिथे दर्जा घसरणार तरी कशाचा?

शिक्षणाचे माध्यम प्राथमिक शाळेत स्वाहिली ठेवले. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’चे आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे स्वाहिली भाषांतर राष्ट्राध्यक्षांनी स्वतः केले. शंभरावर जमातींचा देश एका भाषेने बांधला गेला. माध्यमिक शाळेत मात्र इंग्रजी कायम राहिली. १९८२ च्या आयोगाने तिथेही स्वाहिली आणा म्हटले, तरी सरकारने ते मानले नाही. सातवीपर्यंत एका भाषेत शिकलेले मूल आठवीत अचानक मुके होते. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या आपल्या शिक्षकांनी हे दृश्य किती वेळा पाहिले असेल!

आता कडू भाग. मास्तरांना वर्गात उलट बोललेले खपत नसे. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठातील विद्यार्थी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध मोर्चाने आले. त्यापेक्षा गोऱ्यांचे राज्य बरे होते, अशा अर्थाचा फलक एकाने आणला होता. न्येरेरे संतापले. पुढाऱ्यांचे पगारच फार झाले आहेत म्हणत त्यांनी तिथल्या तिथे स्वतःचा पगार शेकडा वीसने कमी केला, आणि सुमारे चारशे विद्यार्थ्यांना घरी धाडले. पुढे बहुतेकांना परत घेण्यात आले. दोन्ही गोष्टी एकाच दुपारच्या. माणूस समजायला ती दुपार पुरे आहे. खटल्याविना कैदेत ठेवण्याचा कायदा त्यांच्याच काळात १९६२ मध्ये झाला. पक्ष एकच उरला. आणि ती बीबी टिटी? १९७१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून तिला जन्मठेप झाली. पुढच्या वर्षी तिला सोडले खरे, पण पुष्कळ काळ तिचे नाव कोणी उघडपणे घेत नव्हते.

सर्वांत मोठी चूक खेड्यांची. विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एकत्र वस्ती करावी, म्हणजे शाळा, दवाखाना आणि पाणी देता येईल, ही कल्पना वाईट नव्हती. ‘उजामा’, म्हणजे कुटुंबपण, हे तिचे नाव. सुरुवातीला ती राजीखुशीची होती. लोक पुरेसे येईनात, तेव्हा १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये न्येरेरेंनी जाहीर केले की, १९७६ अखेर सर्वांनी खेड्यांत राहणे सक्तीचे आहे. ट्रक आले. परत जाऊ नयेत म्हणून काही ठिकाणी घरे जाळली गेली. किमान पन्नास लाख माणसे हलवली गेली असा अंदाज आहे. शेत एकीकडे, घर दुसरीकडे, त्यात अवर्षण. धान्य परदेशांतून आणावे लागले. पुढे १९७८ मध्ये इदी अमीनने सरहद्दीवर आक्रमण केले. टांझानियाच्या सैन्याने १९७९ च्या एप्रिलमध्ये कंपाला घेऊन त्याची राजवट संपविली. पण तिजोरीही संपली. १९८० नंतरच्या वर्षांत दुकानांत साबण, साखर, कापड मिळेनासे झाले.

तरीसुद्धा या माणसाचे एक वेगळेपण मला वारंवार थांबवते. अरुशा जाहीरनाम्याला दहा वर्षे झाली तेव्हा, १९७७ मध्ये, सत्तेवर असतानाच त्यांनी त्याचा लेखाजोखा स्वतः लिहून प्रसिद्ध केला. आपण ना समाजवादी झालो, ना स्वावलंबी, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. स्वतःचा पेपर स्वतः तपासून कमी गुण देणारे राज्यकर्ते मला इतिहासात फार भेटलेले नाहीत. (आम्ही शिक्षकसुद्धा आपल्या निकालाचे खापर मुलांवरच फोडतो.)

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले. कोणी सोडायला लावले नव्हते. खुर्ची मिळाली अली हसन म्विन्यी या मुस्लिम नेत्याला. पक्षाचे अध्यक्षपद मात्र ते आणखी पाच वर्षे सांभाळीत राहिले. पुढे एकपक्षीय राज्याचे दिवस संपले आहेत हे लोकांना पटवून देण्यातही त्यांनीच पुढाकार घेतला आणि १९९२ मध्ये अनेक पक्षांना मोकळीक मिळाली. जिनिव्हातील ‘साउथ कमिशन’चे ते अध्यक्ष होते, तेव्हा त्याचे महासचिव आपले डॉ. मनमोहन सिंग होते. भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार १९९५ मध्ये त्यांनाच मिळाला.

उरलेला बराच काळ ते बुतियामाला राहिले. शेतात मका लावीत, पहाटे प्रार्थनेला जात, बायबलच्या भागांचे स्वाहिली पद्यात रूपांतर करीत. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या इस्पितळात रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दार-एस्-सलामच्या रस्त्यांवर लोटलेल्या गर्दीत मशिदीतून आलेली माणसे होती, चर्चमधून आलेली होती, रात्रीच्या वर्गात अक्षर गिरवलेल्या म्हाताऱ्या बाया होत्या. आणि ज्यांचे घर त्यांच्या हुकमाने उठवले गेले अशीही माणसे असतीलच. त्यांना बुतियामाला, आईवडिलांच्या जवळ, मूठमाती देण्यात आली.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सारे मी त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, “सर, म्हणजे शाळा सोडलीच नाही त्यांनी.” मग जरा थांबून म्हणाला, “पण सर, त्या टिटीबाईंना का पकडलं?” तास संपल्याची घंटा झाली होती. मी त्याला मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यायला सांगितले.