संगणकाचं झाकण उघडताना
(गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सल्ला केंद्राचा संगणक माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत असतो. पोटगीचे अर्ज, जबाब, दवाखान्याचे कागद, बायकांचे पत्ते, सगळं त्यात आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत आपला रायझेन 3 2200जी नाही. मशीन घेऊन दुकानात गेले, तर मालक माझ्याशी बोलेचना; सोबतच्या, नववीतल्या भाच्याशी बोलत राहिला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "मशीन चार दिवस ठेवून जा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्या."

जे पत्ते मिळावेत म्हणून नवरे आपल्या दारात येऊन बसतात, ते अनोळखी माणसाच्या टेबलावर ठेवून यायचे? मी मशीन उचललं आणि घरी आणलं.

आधी वाचन केलं. कोणत्या मदरबोर्डवर कोणता प्रोसेसर चालतो, याची यादी बोर्डाची कंपनी देते. आपल्या बोर्डाचं सॉकेट एएम4. त्यावर रायझेन 5 5600जी चालतो, पण बायोस नवं हवं. ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलायचं, नाहीतर नंतर पडदा काळाच राहतो. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस लावून घेतला. सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढली. डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर तिची रिकव्हरी की आधी वहीत लिहा. प्रोसेसर बदलल्यावर संगणक ती मागू शकतो.

मग प्रत्यक्ष काम. संगणक पंधरा मिनिटं चालवला, म्हणजे हीटसिंकखालची पेस्ट मऊ होते. नंतर बंद केला, वायर काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं. अंगावरची स्थिर वीज चिपला मारते. नायलॉनची साडी नको, सुती नेसा, आणि मधून मधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

पंख्याची वायर सोडवली. चारही स्क्रू कोपऱ्याला कोपरा धरून थोडे थोडे ढिले केले. हीटसिंक सरळ वर ओढू नका. हलकेच डावीउजवीकडे फिरवा, सुटला की उचला. ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. त्याच्या पोटाला 1331 पिना असतात, त्या वाकतात. इंटेलच्या अलीकडच्या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात. तिथे सॉकेटला बोट लावायचं नाही.

दांडी वर केली, जुना काढला. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही. त्रिकोणासमोर त्रिकोण आणून प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनाने बसतो. बसला नाही तर दाबू नका, पुन्हा पाहा. मग दांडी खाली. नव्या हीटसिंकला पेस्ट लावलेलीच होती. नसेल तर मटाराएवढी पुरते. स्क्रू पुन्हा तसेच थोडे थोडे आवळले, पंख्याची वायर जोडली आणि बायोसमध्ये जाऊन तापमान पाहिलं. ते चढत जात नाही एवढी खात्री झाल्यावरच झाकण लावलं.

हात थरथरत होते, हे लपवत नाही. पण आपण बॉबिन बसवतो, कुकरचा व्हॉल्व्ह बदलतो, स्टोव्हची पिन मारतो. त्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. झाकण उघडायला ताकद लागत नव्हती, तेव्हा इतकी वर्षं ते आपण का उघडलं नाही, हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा.

आपल्याकडे आलेल्या बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट घराबाहेर गेली नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

पुढच्या बैठकीत जुना प्रोसेसर आणि एक बिघडलेला मदरबोर्ड आणते. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने काढून, बसवून पाहायचा. एखादी पिन वाकली तरी चालेल.