कारणाचा माग

आज पदवी हातात घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

नाशिकच्या म्हसरूळमधल्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या या प्रांगणातून तुम्ही उद्या राज्यभर पांगाल. कोणी एमडीच्या तयारीला लागेल, कोणी ग्रामीण सेवेच्या नेमणुकीवर जाईल, कोणी परिचारिका म्हणून पहिल्या रात्रपाळीला उभी राहील. तुमच्यासमोर आज एकाच डॉक्टरांचं आयुष्य ठेवावं असं मी ठरवलं आहे. त्यांचं नाव डॉ. आर्मिडा फर्नांडिस. मुंबईच्या सायनमधल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यांनी नवजात बालकांवर उपचार केले, विद्यार्थी घडवले आणि पुढे त्याच रुग्णालयाच्या त्या अधिष्ठाता झाल्या. ते महाविद्यालय आपल्याच विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे तुमच्यापैकी काही जण त्यांनी उभ्या केलेल्या कक्षातूनच शिकून इथवर आले आहेत.

सायन रुग्णालयाच्या जवळच धारावी आहे. तिथल्या बायका बाळंतपणाला याच रुग्णालयात येतात. सत्तरच्या दशकात तिथल्या नवजात कक्षात येणारी बाळं पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची असत. बाळांना उबेत ठेवणाऱ्या पेट्या मोजक्या, परिचारिका त्याहून मोजक्या. बाळं दगावत होती आणि बऱ्याच वेळा जंतुसंसर्गाने दगावत होती. अशा वेळी कोणताही विभागप्रमुख करतो ती मागणी उघड आहे: आणखी यंत्रं द्या, आणखी माणसं द्या, नवी प्रतिजैविकं द्या. ती मागणी चुकीची नसते. पण फर्नांडिसबाईंनी तिच्या आधी एक प्रश्न विचारला. बाळाच्या पोटात हे जंतू जातात कुठून?

उत्तर बाटलीत होतं. वरचं दूध, ते कालवायचं पाणी, नीट न उकळलेली बुचं, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी भांडी. ज्या बाळाच्या आतड्याचं अस्तर अजून पुरतं तयार झालेलं नाही, त्याला आपण रुग्णालयातच संसर्ग पाजत होतो. बाईंनी कक्षातून बाटली आणि डब्याचं दूध बंद केलं. दारापाशी ताटकळणाऱ्या आयांना आत घेतलं. हात कसे धुवायचे, दूध हाताने कसं काढायचं, वाटी-चमच्याने ते कसं पाजायचं, बाळाला उबेत कसं ठेवायचं, हे त्यांना शिकवलं. तोवर आई म्हणजे भेटीच्या वेळेत येणारी नातेवाईक होती. आता ती उपचार करणाऱ्यांपैकी एक झाली.

आज हे कोणालाही साधं वाटेल. त्या काळी नवजात कक्ष म्हणजे बाहेरच्यांना बंद असलेली जागा, हाच बहुतेक ठिकाणचा दंडक होता. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी पेट्यांच्या टंचाईपायी बाळांना आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली, त्यालाच आपण आज कांगारू माता पद्धत म्हणतो. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्या पाचांत दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. जन्मल्यापासून लगेच आईजवळ ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. टंचाईतून निघालेली वाट श्रीमंत देशांनाही नंतर घ्यावी लागली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सार्वजनिक रुग्णालयात शिकलेल्या प्रत्येकाने तिचा अभिमान बाळगावा.

पण बाटली बंद केली की पुढचा प्रश्न उभा राहतो. ज्या बाळाची आई अतिदक्षता विभागात आहे, जिला अजून दूध उतरलेलं नाही, जी बाळंतपणात गेली, त्या बाळाला काय पाजायचं? बाईंनी परदेशात मातृदुग्धपेढी पाहिली होती. पहिली अशी पेढी व्हिएन्नात १९०९ मध्ये सुरू झाली, म्हणजे कल्पना जुनी होती. आशियात मात्र ती कोणी अमलात आणली नव्हती. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सायनला आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. महापालिकेच्या रुग्णालयात, गर्दीच्या ऐन मध्यावर.

तिचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण मोठेपणा त्या तपशिलात आहे. आपल्या बाळाला पाजून ज्यांना दूध उरतं अशा बाळंतिणी ते स्वेच्छेने देतात. त्याचे पैसे दिले जात नाहीत. दात्या आईची एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिसची तपासणी होते. दूध एकत्र करून ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलं जातं आणि झटकन थंड केलं जातं. नमुना जंतुतपासणीला जातो. तो स्वच्छ आला तरच उणे २० अंशांत साठवलेलं ते दूध बाळापर्यंत पोहोचतं. या तापवण्यात दुधातल्या जिवंत पेशी मरतात, काही विकरं नष्ट होतात, संरक्षक प्रथिनं घटतात. तरीही ते डब्याच्या दुधापेक्षा सरस ठरतं, विशेषतः नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस या आतड्याच्या जीवघेण्या आजारापासून बचाव करण्यात. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी स्वतःच्या आईचं, ते नसेल तर पेढीचं. चांगली पेढी मुख्यतः आईलाच दूध यावं म्हणून झटते. एका अवघडलेल्या, घाबरलेल्या, टाके दुखत असलेल्या बाईजवळ बसून तिला दूध काढायला शिकवण्याचं काम परिचारिका करते. नर्सिंगच्या पदवीधरांनो, या पेढीचा इतिहास तुमच्या हातांनी घडलेला आहे. तो सांगताना तुमची नावं मागे पडतात याची मला खंत वाटते.

पुढे डॉ. जयश्री मोंडकर यांनी हे काम सायनमध्ये वाढवलं, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतल्या अशा केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. दरम्यान १९९२ मध्ये बालदुग्ध पर्यायांवरचा कायदा आला. डब्याच्या दुधाची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू हे सगळं त्याने निषिद्ध केलं, आणि २००३ च्या दुरुस्तीने परिसंवादांचं प्रायोजकत्वही. तुम्ही दवाखाना थाटलात की हा कायदा तुमच्या टेबलापाशी येईल. कंपनीचा माणूस सौजन्याने बोलेल, हातात काहीतरी ठेवेल. त्याला नम्रपणे परत पाठवा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. कक्षातले मृत्यू उतरले, पेढी चालू लागली, पद मिळालं. इथे थांबणं कोणालाही शोभलं असतं. पण कमी वजनाची बाळं येतच होती. मग बाईंनी तोच प्रश्न आणखी मागे नेला: ही बाळं कमी वजनाची जन्मतातच का? कारण आई पंडुरोगी आहे, वयाने लहान आहे, शेवटची जेवते, सातव्या महिन्यापर्यंत कोणी तिला तपासलेलं नाही. यातलं काहीच अतिदक्षता विभागात दुरुस्त होत नाही. १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘स्नेहा’ ही संस्था काढली आणि काम वस्तीत नेलं. तिथे पुढचं कारण समोर आलं: घरातली मारहाण. ‘छोटा सायन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धारावीच्या नागरी आरोग्य केंद्रात संस्थेने हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी समुपदेशन सुरू केलं. बाळाच्या आतड्यापासून निघालेला शोध असा घराच्या उंबऱ्याच्या आत जाऊन पोहोचला.

या प्रवासातला एक टप्पा तुम्ही लक्षात ठेवावा म्हणून मुद्दाम सांगतो. नेपाळच्या मकवानपूरमध्ये, नंतर झारखंड-ओडिशात, गावोगावच्या महिला गटांनी नवजात मृत्यू कमी करून दाखवले होते. ‘स्नेहा’ने तीच पद्धत मुंबईच्या वस्त्यांत शास्त्रशुद्ध चाचणी करून पाहिली. २०१२ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले: अपेक्षित परिणाम दिसला नव्हता, मृत्यू घटले नव्हते. माझ्या मते त्याचं कारण शहराच्या घडणीत आहे. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच रुग्णालयात होत होती. गावात जी उणीव महिला गटांनी भरून काढली, ती इथे वेगळ्या जागी होती. पण मी ही गोष्ट सांगतो ती तो निकाल छापला गेला म्हणून. स्वतःच्या आवडत्या कामाचा नकारार्थी निकाल जगासमोर ठेवणं हे कितीजणांना जमतं? कारणाचा माग काढणाऱ्याला ते जमावंच लागतं, नाहीतर तो चुकीच्या वाटेवरच चालत राहतो.

पुढे फर्नांडिसबाईंच्या मुलीचं कर्करोगाने निधन झालं. त्या दुःखातून रोमिला हे तिचं नाव धारण करणारं उपशामक सेवेचं केंद्र वांद्र्यात उभं राहिलं. याबद्दल मी अधिक बोलणार नाही. एवढंच म्हणतो की आयुष्यभर आयुष्याच्या पहिल्या आठवड्यावर काम केलेल्या डॉक्टरांनी उतारवयात शेवटच्या आठवड्यांकडे लक्ष वळवलं.

आणि आता नाशिक. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ अर्भकं दगावली आणि त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांतच. देशाच्या सरासरीपेक्षा हे पुष्कळ बरं आहे. पण राज्याची सरासरी या जिल्ह्यातल्या सुरगाण्याला लागू पडेलच असं नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं भाताची कापणी आटोपली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. घडांची विरळणी (थिनिंग), संजीवकात बुडवणं (डिपिंग), तोडणी, मग एप्रिलची खरड छाटणी. गरोदर बाईही त्यात असते. तिची नोंद गावच्या आशाताईकडे, बाळंतपण बागेजवळच्या रुग्णालयात, आणि ओलं बाळ मळ्यातल्या पालात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची सेवा करून मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, ते काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि आशांच्या गृहभेटींची आजची राष्ट्रीय योजना त्यातूनच निघाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. पण ही भेट गावाच्या यादीवर चालते. बाळ एका तालुक्याच्या यादीत आणि दुसऱ्या तालुक्याच्या शिवारात असेल, तर त्याच्या दारी जायचं कोणी? हा प्रश्न औषधाने सुटणारा नाही आणि तो तुमच्यापैकीच कोणीतरी सोडवायचा आहे. आयुर्वेद असो, होमिओपॅथी असो, दंतशास्त्र वा भौतिकोपचार असो, तुमची शाखा इथे आड येत नाही.

दिंडोरीच्या किंवा कळवणच्या रुग्णालयात रुजू झालात, तर प्रसूती कक्षाची नोंदवही उघडा आणि मातेच्या पत्त्याचा रकाना वाचा. पेठ किंवा सुरगाण्याचा पत्ता दिसला, की घरी सोडण्यापूर्वी तिला विचारा की पुढचे सहा आठवडे ती कुठे राहणार आहे. ते उत्तर लिहून घ्या. मग ज्या गावच्या शिवारात ती बाग आहे, तिथल्या आशाताईला फोन करा.