गंजिफा : कपाटांतली आणि बैठकीवरची

पत्ते हा शब्द उच्चारतांच पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. 'पत्ते कुटणें' हा वाक्प्रचारच मुळीं रिकामटेकडेपणाचा द्योतक होऊन बसला आहे. परंतु तेच पत्ते कोणी हौसेनें मुद्दाम काढवून घेतले आणि कांचेच्या कपाटांत मांडले, कीं त्यांस कला म्हणण्यास आपली हरकत नसते. पाश्चात्त्य देशांत आज मोजक्या प्रतींचे, क्रमांक घातलेले कॅट निघतात, आणि वेष्टन न फोडलेल्या कॅटास संग्राहक अधिक मोल देतात.

ही हौस आपल्याकडेहि जुनीच आहे. बाबर बादशहानें १५२७ मध्यें सिंधेस गंजिफा पाठविल्याची नोंद आपल्या आत्मचरित्रांत केली आहे. पुढें या गोल पत्त्यांचे दोन वर्ग पडले. धनिकांच्या मर्जीप्रमाणें बारीक कुंचल्यानें काढलेली ती दरबारी कलम, आणि सामान्यांसाठीं थोडक्या रेषांत उरकलेली ती बाजार कलम. संग्रहालयांत आज दरबारी कलमेचे संच मानानें बसतात. पण खेळ घरोघर नेला तो बाजार कलमेनें.

आपल्या महाराष्ट्रांत या कलेचें माहेर म्हणजे सावंतवाडी. तेथील दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग असतात. मत्स्याचा मासा, कूर्माचें कासव, परशुरामाचा परशु, अशा खुणा. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, मिळून १२ पानें, एकूण १२०. चिंचोक्याच्या खळीनें थर चिकटवावयाचे, पान घोटून गुळगुळीत करावयाचें, हातानें रंगवावयाचें आणि वर लाखेचा हात द्यावयाचा. असें एकशें वीस वेळां!

यंत्रावर छापलेला बावन्न पानांचा स्वस्त कॅट आला आणि चिताऱ्यांचें काम सुटत गेलें. १९७० नंतरच्या दशकांत श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागिरांस बसविलें, म्हणून ही विद्या वांचली. २०२४ मध्यें सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनहि मिळालें. मधल्या काळांत कुंचल्यास अन्न घातलें तें बहुतांशीं संग्राहकांनीं आणि प्रवाशांनीं. त्यांचें हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु पत्ते वांचले म्हणजे खेळ वांचला काय? गंजिफा सामान्यतः तिघे खेळतात. प्रत्येकाच्या हातीं ४० पानें येतात. दिवसा रामाचा राजा ज्याच्यापाशीं तो आरंभ करतो, रात्रीं कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का हलका. उरलेल्या रंगांत नेमकें उलट. कोणतें पान पडून गेलें, कोणतें कोणाच्या हातीं उरलें, हें सारें ध्यानांत ठेवल्यावांचून हात होत नाहीं. मीं आयुष्यभर मुलांस पाढे शिकविले. स्मरणशक्तीस याहून गोड व्यायाम मला ठाऊक नाहीं. ही रीत बोलण्यांतून आणि बैठकींतून एका पिढीकडून दुसरीकडे जाते. शेवटचा जाणता उठून गेला, कीं चित्रें तेवढीं उरतात. त्यांचें बोलणें थांबतें.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. गंजिफेचा संच विकत घ्यावयाचा असेल तर अवश्य घ्या. कारागिराशीं किंमतीची घासाघीस करूं नका. उत्तम संच कपाटांत राहूं द्या. पण त्याच्या शेजारीं एक साधा, वापरावयाचा संचहि असूं द्या. आणि घरांत वा शेजारीं कोणी वडीलधारीं माणसें हा खेळ जाणत असतील, तर येत्या सुटींत मुलांस त्यांच्यापुढें बसवा. पानांच्या कडा थोड्या झिजतील. झिजूं द्या. ज्या पत्त्यांस हात लागत नाहीं, त्यांचा डाव केव्हांच संपलेला असतो.