बांधकामाची यंत्रे आणि शेजारचे घर

रस्त्यापलीकडे पाइल ठोकण्याचे यंत्र उभे राहते आणि समोरच्या जुन्या घरातील मंडळी भिंतींकडे पाहू लागतात. कपाटातील भांडी किणकिणली की त्यांना घर धोक्यात आहेसे वाटते. कंत्राटदाराचा अभियंता काहीही होणार नाही म्हणून सांगतो. मोजमापाचा आधार दोघांनाही नसेल, तर हा वाद मिटावयाचा नाही. आजचा विषय आहे तो या मोजमापाचा, आणि त्याहूनही अधिक, काम सुरू होण्यापूर्वी बांधावयाच्या अंदाजाचा.

कंपन मोजताना जमिनीचा कण किती वेगाने हलला हे पाहतात आणि त्या वेगाचे कमाल मूल्य दर सेकंदास मिलिमीटरमध्ये सांगतात. माणूस या बाबतीत फार हळवा! घरात बसलेल्यास ०.३ मिमी. वेगही जाणवतो, १ मिमी.ला तो तक्रार घेऊन येतो. घराची सहनशक्ती याहून पुष्कळ मोठी असते. १० हर्ट्झपेक्षा मंद कंपनांसाठी जर्मन मानकाने पायाजवळ राहत्या घरांना ५ मिमी., तर नाजूक ऐतिहासिक वास्तूंना ३ मिमी. ही मर्यादा सुचविली आहे.

मग यंत्र किती दूर असावे? अमेरिकेच्या केंद्रीय परिवहन खात्याने २०१८ साली काढलेल्या पुस्तिकेत यासाठी एक सोपा नियम दिला आहे: अंतर दुप्पट झाले की कंपन सुमारे एक तृतीयांश उरते. घणाने पाइल ठोकताना ७.६ मीटरवर साधारणपणे १६ मिमी. वेग धरतात. तो १५ मीटरवर ६ च्या आत येतो आणि ३० मीटरवर २ च्या आसपास. म्हणजे जुन्या वास्तूस २४ मीटरच्या आत हा घण नको. कंपन देणाऱ्या रोलरला मात्र ११-१२ मीटर पुरतात.

हा नियम सोपा आहे तो जमीन सर्वत्र एकसारखी आहे असे मानल्यामुळे. आणि जमीन तशी कोठे असते? कंपनाची बरीचशी ऊर्जा पृष्ठभागालगतच्या तरंगांतून वाहते. लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली वर्णिलेले ते हेच तरंग. मऊ चिकणमातीचा थर, खालचा खडक, भूजलाची पातळी यांनुसार त्यांची चाल बदलते. म्हणून जाणता अभियंता एक पाइल चाचणीदाखल ठोकतो, निरनिराळ्या अंतरांवर कंपनमापके ठेवतो आणि नोंदी लॉगॅरिथमी कागदावर मांडतो. बिंदू बहुधा एका रेषेभोवती जमतात. येथेच मोह होतो. मधली रेषा घेतली तर निम्मे घाव तिच्या वर जावयाचे! अंदाजासाठी वरची, जवळजवळ सर्व बिंदूंना पोटात घेणारी रेषाच घ्यावयास हवी.

पायाशी कंपन थोडे विरते, पण वरच्या तक्तपोशीवर ते दुणावू शकते, कारण प्रत्येक तक्तपोशीला तिची स्वतःची लय असते. कंपनाने पाइल रुतविणारे यंत्र सुरू अथवा बंद होताना वेग बदलत या लयीतून जाते; ते काही क्षण विशेष घातक. अलीकडच्या काही यंत्रांत फिरती वजने पूर्ण वेग येईपर्यंत परस्परांचा परिणाम नाहीसा करतात.

राहिला प्रश्न भेगांचा. ऊन आणि पावसाळा यांनीही गिलाव्याला भेगा पडतात. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वीच, घरमालकाच्या समक्ष, प्रत्येक खोलीतील भेगांची छायाचित्रे व रुंदी नोंदवून ठेवावी, आणि अंदाज मर्यादेबाहेर जात असेल तर घण बाजूस ठेवून तेथे खोदून भरावयाचे पाइल वापरावेत.