पिनबॉल: डोळ्यांसमोरचं नशीब

आजचा भाग दौलताबादहून. मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, किल्ल्यासमोरचा रस्ता आहे आणि आज रविवार.

विषय पिनबॉल. फोनमधला नाही, जुना, वायरी आणि रिलेवाला. खिळे ठोकलेला लाकडी बोर्ड आठवतोय? स्प्रिंगची दांडी ओढून सोडायची, गोळी खिळ्यांना आपटत कुठल्यातरी खणात पडायची. बॅगाटेल! पिनबॉल त्याच घराण्यातला. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनमध्ये फ्लिपर आले. म्हणजे बटण दाबलं की छोटा दांडा खाली येणाऱ्या गोळीला परत वर मारतो. त्याआधी मशीनला धक्के देणं, एवढंच हातात होतं.

या मशीनमध्ये प्रोसेसर नाही. मग स्कोअर कोण मोजतं? गोळी बंपरला लागली की स्विच जुळतो, कॉइलमध्ये करंट जातो, कॉइल चुंबक होते आणि आकड्यांचं चाक एक घर पुढे सरकवते. नवावरून शून्यावर जाताना ते चाक दुसरा स्विच दाबतं, शेजारचं चाक सरकतं. हातचा एक! पन्नास गुण मिळाले तर मोटर फिरून दहा-दहाचे पाच ठोके देते, टिंग टिंग टिंग. आणि टिल्ट? एक वजन लोंबकळतंय, भोवती धातूची कडी. मशीन जास्त हलवलं, वजन कडीला टेकलं, खेळ खल्लास. इतका सरळ 'इफ' मी आजवर लिहिलेला नाही.

तरी न्यूयॉर्कमध्ये हा जुगार ठरला, १९४२ पासून बंदी. १९७६ मध्ये रॉजर शार्पने नगर परिषदेच्या समितीसमोर गोळी कुठून जाणार ते आधी सांगितलं, मग तिथूनच घालवली. बंदी उठली.

कौशल्य की नशीब, हा वाद आपल्याकडेही झालाच की. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. त्याआधी माझ्या एका मित्राने अख्खा पगार अशाच एका ॲपमध्ये घालवला. विचारलं, हरलास कसा? म्हणाला, "काय माहीत यार."

हे मला टोचलं. पिनबॉलमध्ये हरलेला माणूस बोट ठेवून सांगतो, इथून निसटली. मालकही लबाडी करू शकतो, मागचे पाय उंच केले की उतार वाढतो, गोळी लवकर खाली येते. पण ते वाकून बघता येतं! ॲपमध्ये पुढचा पत्ता सर्व्हरवर ठरतो. फसवतातच असं मी म्हणत नाही. तपासायचं कसं, एवढंच विचारतोय. वर किल्ल्यात ती अंधारी आहे ना, तसंच. वाट आतल्यांना ठाऊक, बाहेरचा चाचपडतोय.

करून बघायचं असेल तर १२ व्होल्टचा रिले, तेवढ्याच व्होल्टचा ॲडॉप्टर आणि एक पुश बटण घ्या. रिलेच्या कॉइलला करंट बटणातूनही द्या आणि त्याच्याच कॉन्टॅक्टमधूनही. बटण सोडलं तरी रिले धरून राहतो. झाली एका बिटची मेमरी! तो 'टक्' आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात वाजवू.