इंजिनाला आधार, माणसाला अभय



वाहनाची लहानसहान दुरुस्ती घरच्या घरी करण्याची वृत्ती ही स्वावलंबनाची द्योतक असून ती स्वागतार्ह आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० ही गाडी रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारातही मोटार उभी राहू लागली. त्याबरोबर अंगणात पाने-पकडी घेऊन बसणारा हौशी कारागीरही दिसू लागला. प्लग साफ करणे किंवा हवेची जाळी बदलणे ही कामे तशी निर्धोक होत. परंतु इंजिनाचे फाउंडेशन रबर बदलण्याचे काम निघाले, की प्रश्न केवळ कौशल्याचा राहत नाही. तो जीविताचा होतो.

इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट जखडलेले नसते. त्याची थरथर प्रवाशांपर्यंत पोहोचू नये म्हणून ते रबरी आधारांवर बसविलेले असते. उष्णता आणि तेल यांमुळे हे रबर कालांतराने तडकते. मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिन आणि गिअर बॉक्स आडवे व एकमेकांना जोडलेले असतात. त्यांचा एक आधार सोडविला, की सारा भार उरलेल्या आधारांवर कलतो. लांबीच्या दिशेने बसविलेल्या इंजिनाचा मागचा आधार बहुधा गिअर बॉक्सखाली असतो. गिअर बॉक्स उतरविताच इंजिनाचे मागचे टोक झुकते. म्हणून पहिला नियम असा, की आधी पर्यायी आधार द्यावा आणि मगच बोल्टला पाना लावावा.

पूर्वतयारीही तितकीच महत्त्वाची आहे. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. मागील चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावावी, हातब्रेक ओढावा आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात किंवा भुसभुशीत मातीत जॅक रुततो. अशा ठिकाणी खाली जाड फळी हवीच. गाडी उचलल्यावर ती लोखंडी घोड्यांवर टेकवावी. द्रवदाबावर चालणारा जॅक हे भार उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. त्यातील वायसर झिजला, की तो नकळत खचू लागतो. विटांचा थर तर कधीच वापरू नये. वीट वाकून इशारा देत नाही. ती एकदम फुटते.

इंजिनाला खालून आधार देताना जॅक ऑईल चेंबरला थेट टेकवू नये. हे चेंबर बहुधा पातळ पत्र्याचे असते आणि तेल शोषणारी जाळी त्याच्या तळाशी अगदी जवळ असते. पत्रा आत दबला, तर तेलाचा मार्ग अडून पुढे इंजिनच निकामी होऊ शकते. मध्ये रुंद व जाड लाकडी फळी ठेवल्यास भार विभागला जातो. बोल्ट हाताने सहज फिरू लागला, की भार आधारावर आला असे समजावे. त्याहून अधिक उचलल्यास पाण्याच्या नळ्या, तारा आणि धुराचा नळ ताणले जातात.

वरून आधार देण्यासाठी दोन्ही बाजूंच्या भक्कम भागांवर टेकणारा आडवा लोखंडी दांडा आणि साखळी वापरणे अधिक श्रेयस्कर. साखळी इंजिनाच्या उचलण्याच्या कड्यांतच अडकवावी आणि तिचा बोल्ट पूर्ण आट्यांपर्यंत बसवावा. सुताची वा नायलॉनची दोरी कडेवर घासून तुटते. गावाकडे कडुनिंबाच्या फांदीला किंवा घराच्या तुळईला इंजिन टांगण्याचा प्रघात आढळतो. फांदी आतून पोखरलेली असू शकते, आणि तुळई छप्पर पेलण्यासाठी घातलेली असते, इंजिन टांगण्यासाठी नव्हे.

आधार कितीही भक्कम असला, तरी लोंबत्या इंजिनाखाली हात, डोके वा देह नेऊ नये. गाडीत कोणी बसू नये, मुलांना दूर ठेवावे आणि मदतीला दुसरी जाणती व्यक्ती असावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार दुरुस्तीचे शिक्षण घेतलेले तरुण आज ठिकठिकाणी काम करीत आहेत. साधने अपुरी असतील, तर अशा कारागिराला बोलावण्यात कसलाही कमीपणा नाही. दुरुस्तीत वाचणारी रक्कम अल्प असते. चिरडलेला हात मात्र कोणत्याही कारखान्यात नव्याने घडत नाही. स्वावलंबनाला सावधगिरीची जोड मिळाली, तरच ते कुटुंबाच्या हिताचे ठरेल.